दूध कोलॉइड आणि साखरेचं पाणी द्रावण असं का म्हणतात? मिसळलेली तर दोन्ही सारखीच दिसतात

फरक कणांच्या साइझचा आहे. साखरेचा एकेक रेणू सुटा होऊन पाण्यात मिसळतो, तो जेमतेम १ नॅनोमीटरचा, दुधातले केसीन प्रोटीनचे गोळे मात्र साधारण १०० ते २०० नॅनोमीटरचे असतात आणि ते विरघळत नाहीत, नुसते पसरलेले राहतात. कोलॉइडची, म्हणजे पुस्तकातल्या कलिलाची, रेंज १ ते १००० नॅनोमीटर धरतात. बारावीच्या मुलांना मी हे असं दाखवते: एका ग्लासात स्वच्छ पाण्यात साखर, दुसऱ्यात पाण्यात दुधाचे दोन-तीनच थेंब (जास्त टाकले की सगळंच पांढरं होतं), खोलीत अंधार करायचा आणि बाजूने लेझर मारायचा, डोळ्यांवर अजिबात नको. साखरेच्या पाण्यात किरण दिसत नाही, दुधाच्या पाण्यात लख्ख रेघ उमटते, कारण मोठे कण प्रकाश विखुरतात, हाच टिंडाल परिणाम. फिल्टर पेपरने ओळखायला जाऊ नका, त्यातून दोन्ही आरामात जातात. फक्त कच्च्या दुधातलं बरंचसं फॅट १००० नॅनोमीटरपेक्षाही मोठ्या थेंबांत असतं, म्हणून दूध ठेवून दिलं की मलई वर येते, तेवढ्यापुरतं ते रेंजच्या बाहेर जातं.