जुनी एमएक्स-५ घेताना आधी पत्रा, मग इंजिन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुक्काम स्लाऊला, ऑफिस हाउन्स्लोला, घरात रोजच्या वापराची गाडी आहेच आणि आता चार हजार पौंडांच्या आत दोन सीटची मझदा एमएक्स-५ घ्यायची आहे. बघून ठेवलेल्या गाड्या दोन. एक २००३ ची १.८, ६२ हजार मैल, २,४०० पौंड. मालक म्हणतो, गेल्या आठवड्यातच खालून अंडरसील (तळ गंजू नये म्हणून मारायचा थर) मारून घेतलंय. दुसरी २००७ ची २.०, ८८ हजार मैल, ३,२०० पौंड, रंग फिका, बंपरवर ओरखडे. शिवाय परतताना गाडी पुण्याला नेता येईल का, हेही विचारलंय.

पुण्याचं आधी उरकतो: विसरा. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती बनल्यापासून तीन वर्षांच्या आतली लागते, वर ड्यूटी डोळे पांढरे करणारी. मझदाने तिथे कार कधी अधिकृतपणे विकल्याच नाहीत, त्यामुळे पार्टसाठीही वणवण. इथेच चालवा, इथेच विका.

आता गाड्या. २००३ ची आहे ती दुसऱ्या पिढीतली, म्हणजे एनबी, १९९८ ते २००५. २००७ ची तिसऱ्या पिढीतली, एनसी, २००५ ते २०१५. एनबी हलकी आणि साधी, स्वतःच्या हाताने दुरुस्त करायला सोपी. एनसी जरा मोठी, उंच माणसाला बरी. दोन्हींची इंजिनं दणकट आहेत. एमएक्स-५ च्या उत्पादनाचा दहा लाखांचा आकडा २०१६ मध्येच पार झालाय, त्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, सगळं भंगारवाल्यांकडे चालू स्थितीत मिळतं. महाग पडतो तो पत्रा. म्हणून ‘इंजिन एकदम मख्खन चालतं’ हे ऐकून भुलू नका. या गाडीचं इंजिन मख्खन चालतंच, सिलमध्ये बोट जाईल एवढं भोक असलं तरी.

सिल म्हणजे दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पत्र्याची बंद पेटी. डोक्यावर लोखंडी छत नसल्यामुळे गाडीची बरीचशी ताकद याच पेटीत आहे. कापडी टपावर पडलेलं पाणी मागच्या कडेने ओघळून दोन्ही सीटांच्या मागे कोपऱ्यात उतरतं आणि तिथल्या नळीतून मागच्या चाकाच्या थोडं पुढे, गाडीखाली बाहेर पडतं. ही नळी झाडाची पानं, धूळ आणि शेवाळ यांनी तुंबते. मग पाणी कार्पेटखाली किंवा सिलच्या आत जातं आणि बाहेर पडायला वाट नसल्याने तिथेच मुरतं. पत्रा आतून बाहेर कुजत येतो. बाहेर रंगाला पुळी आलेली दिसते तेव्हा आतला थर कधीच गेलेला असतो.

बघायचं कसं? सीट पुढे सरकवून मागच्या कोपऱ्यातल्या कार्पेटखाली हात घाला. ओल लागली किंवा कुबट वास आला तर नळी तुंबलेली आहे असं धरून चाला. मालक तयार असेल तर टप अर्धा उघडून दोन्ही कोपऱ्यांत अर्धा-अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता. काही सेकंदांत ते मागच्या चाकांपुढे खाली पडलं पाहिजे. मग मागच्या चाकाच्या लगेच पुढचा, सिलचा शेवटचा वीतभर भाग बोटांच्या सांध्यांनी ठोकून बघा. चांगला पत्रा टणक वाजतो, पुट्टी भरलेला बद्द. फ्रिजवरचं पातळ लोहचुंबक रुमालात गुंडाळून त्याच भागावर फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. काही मॉडेलांना सिलवर प्लॅस्टिकचं झाकण असतं, तिथे खालून आणि चाकाच्या कमानीच्या आतूनच बघावं लागेल. सिलची खालची कड चेपलेली, वर दबलेली दिसली तर कुणीतरी कुजलेल्या जागी जॅक लावलाय.

एनबीत आणखी एक जागा आहे, आणि विकणारे ती दाखवत नाहीत: पुढचे चासी रेल. इंजिनच्या दोन्ही बाजूंनी बंपरकडे जाणाऱ्या या दांड्यांना पुढच्या भागात एकाआड एक पत्र्याचे थर आहेत आणि थरांच्या मध्ये पाणी अडकतं. खालचं प्लॅस्टिकचं आवरण काढल्याशिवाय नीट दिसत नाही. पुढची अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं कमी करणारी दांडी) जिथे बसते त्याच्या आसपास रेलचा तळ फुगलेला किंवा पापुद्रे सुटलेला असेल तर तिथूनच परत फिरा. सिल बदलून देणारे पुष्कळ मिळतात. पुढचे रेल नीट करणारे कमी, आणि काम किचकट. दोन्ही बाजूंच्या सिलचं वेल्डिंग आणि रंग मिळून हजार पौंडांच्या पुढे सहज जातं, त्यात रेल आले की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला ओलांडतो. सीटबेल्ट किंवा सस्पेन्शनच्या जोडापासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा कमकुवत असेल तर एमओटीत, म्हणजे इथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीत, गाडी नापास होते, आणि सिलचं मागचं टोक नेमकं त्याच पट्ट्यात येतं.

म्हणूनच ‘गेल्या आठवड्यातच अंडरसील मारलं’ हे वाक्य मला खटकतं. अंडरसील वाईट नाही. पण नीट करणारा माणूस आधी गंज घासून काढतो, त्यावर गंजरोधक लावतो, बंद पेट्यांच्या आत लांब नळीने मेण फवारतो आणि टप्प्याटप्प्याचे फोटो ठेवतो. फोटो मागा. नसतील आणि खाली नुसता काळाकुळकुळीत डांबरी थर असेल, तर त्याखाली काय आहे हे मालकालाच ठाऊक.

घरबसल्या करायचं काम म्हणजे सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून एमओटीचा इतिहास वाचणं. फुकट आहे. नुसतं पास-नापास बघू नका, सल्ल्याच्या ओळी वाचा. एका वर्षी ‘सिलला गंज’ आणि पुढच्या वर्षी त्याचा उल्लेखच नाही, असं असेल तर मध्ये वेल्डिंग झालं असणार. त्याचं बिल कुठे आहे? ‘अंडरसीलमुळे नीट तपासता आलं नाही’ असा शेरा असेल तर तोही बोलका. मैलांचे आकडे दर वर्षी चढते आहेत ना, तेवढं जाता जाता बघून घ्या.

इंजिनकडे येऊ. गाडी बघायला जाल तेव्हा ती थंड हवी, तसं आधीच सांगून ठेवा आणि पोचल्यावर बॉनेटला हात लावून खात्री करा. २००३ च्या १.८ ला टायमिंग बेल्ट आहे आणि तो ६० हजार मैलांना बदलायचा असतो. तुमची गाडी ६२ हजारांवर आहे! बिल दाखवलं नाही तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदम बदलायचे असं समजून तीन-चारशे पौंड किमतीतून वजा करा. रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी काळी असावी. तपकिरी पडली असेल तर ती ठिसूळ झालीय, कधीही तडकेल. क्लच दाबून पहिला किंवा रिव्हर्स गिअर अडखळत पडत असेल तर बहुधा स्लेव्ह सिलिंडर (क्लच ढकलणारा छोटा हायड्रॉलिक भाग) गळतोय. गिअरबॉक्सच्या बाजूला तो दोन बोल्टांवर बसलेला असतो, त्याचं रबर मागे सारलं की आत ओल दिसते. पार्ट स्वस्त, काम तासाभराचं, पण भावात घासाघीस करायला उत्तम. थंडीत दुसरा गिअर सुरुवातीला जड जाणं मात्र या गाड्यांचा स्वभाव आहे. गरम झाल्यावरही करकरला तर चिंता करा.

एनबीची बॅटरी डिकीत असते आणि तिला वायू बाहेर सोडणारी नळी हवी. कुणीतरी साधी बॅटरी बसवली असेल तर खालचा पत्रा आम्लाने खाल्लेला दिसेल. डिकीचं कार्पेट उचलून बघाच.

२००७ च्या २.० ला टायमिंग चेन आहे, बेल्टचा खर्च नाही. तिचं मरण ऑइलमध्ये आहे. हे इंजिन थोडं ऑइल पितं, मालक डिपस्टिक बघत नाही, पातळी किमान खुणेखाली जाते आणि बेअरिंग जातात. डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा काटा शोभेचा आहे: प्रेशर असलं की मधे, नसलं की शून्यावर, अधलंमधलं काही दाखवत नाही. त्यामुळे पोचल्यावर पहिली डिपस्टिक काढा. कोरडी असेल तर पुढचं काही बघू नका. घेतल्यावर दर दुसऱ्या टाकीला गाडी सपाट जागेवर उभी करून पातळी बघायची. ऑइल ५डब्ल्यू-३०, फिल्टरसकट साधारण ४.३ लिटर, वर्षातून एकदा बदलायचं, मैल कमी झाले तरी. एनसीलाही टपाच्या नळ्या तुंबतात आणि मागच्या कमानींच्या कडा गंजतात. पण ती एनबीइतकी कुजण्याच्या वयाला अजून आलेली नाही, हा मोठा फायदा.

दोन्हींच्या चारही चाकांची अलाइनमेंट सस्पेन्शनच्या लांब बोल्टांवर जुळवता येते, आणि नेमके तेच बोल्ट गंजून जाम होतात. लिफ्टवर गाडी असताना मेकॅनिकला ते बघायला सांगा. जाम असतील तर कापावे लागतात, साध्या अलाइनमेंटचं बिल कितीतरी पट होतं. गाडी सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढत असेल, वळणात बिचकत असेल, तर आधी हे तपासा. लोक उगाच शॉकअबसॉर्बर बदलत बसतात.

टायरमधली हवा! एनबीला २६ पीएसआय, एनसीला २९. गॅरेजवाले सवयीने ३२ किंवा ३५ भरतात आणि मग मालक तक्रार करतो की ओल्या रस्त्यावर मागचं चाक सुटतं. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे हवेत. चारांवर चार वेगळी स्वस्त नावं दिसली तर बाकीच्या गाडीवरही मालकाने तेवढाच खर्च केलाय असं समजा.

एनबीच घेतलीत आणि मागचे ब्रेक पॅड घरी बदलायचे असतील तर एक गोष्ट पाळा: मागचा पिस्टन क्लॅम्पने दाबून आत ढकलू नका, आतली हँडब्रेकची यंत्रणा मोडते. पुढच्या चाकांना उटी (अडसर) लावा, गाडी स्टँडवर घ्या, हँडब्रेक सोडा. कॅलिपरच्या मागच्या अंगाला १४ च्या पान्याचा एक बोल्ट आहे; तो काढला की आत ४ मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीचं भोक दिसतं. की घड्याळाच्या उलट दिशेने फिरवली की पिस्टन मागे सरकतो. नवे पॅड बसवा, मग पॅड डिस्कला टेकेपर्यंत की सुलट फिरवा आणि तिथून एक तृतीयांश फेरा उलट. बोल्ट परत लावा, ब्रेक पेडल चार-सहा वेळा दाबा. हँडब्रेक ५ ते ७ खटक्यांत धरला पाहिजे. जुन्या गाडीत बहुतेक वेळा कॅलिपरच्या सरकत्या पिनाही गंजलेल्या असतात, त्या काढून साफ करून ब्रेकचं ग्रीस लावा, नाहीतर आतला पॅड झिजेल आणि बाहेरचा नवा राहील.

टपाच्या नळ्या वर्षातून दोनदा, पानगळीनंतर नक्की, मोकळ्या करा. गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉनची दोरी पुरते. तार घालू नका, नळी फाटली की पाणी सरळ सिलमध्ये.

तुमच्या ऑफिसच्या जागेमुळे आणखी एक हिशेब आहे. २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सगळ्या बरो (प्रशासकीय विभाग) युलेझमध्ये, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना शुल्क लागणाऱ्या भागात, आहेत, हाउन्स्लोसुद्धा. नियमात न बसणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड. २००७ ची एनसी बसते. २००३ च्या एनबींत काही बसतात, काही नाही, म्हणून लंडनच्या वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर तिचा नंबर टाकून बघा. विम्याचा दर पैसे देण्याआधी काढा. भारतातला नो-क्लेम (विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट) इथल्या बहुतेक कंपन्या धरत नाहीत. एक्झॉस्ट, सस्पेन्शन, चाकं, काहीही मूळचं नसेल तर ते विमा कंपनीला सांगावं लागतं. आणि तुम्ही अजून भारतीय लायसन्सवर असाल तर इथे राहायला आल्यापासून बाराच महिने ते चालतं, त्यानंतर इथली परीक्षा देण्यावाचून गत्यंतर नाही.

माझं मत: २००७ ची. रंग फिका असणं हा दोषच नाही, पॉलिशवाल्याकडे शंभर-दोनशेत सुटेल. तासाभरासाठी एखाद्या स्वतंत्र गॅरेजमध्ये लिफ्ट घ्या आणि सिलचं टोक, कमानींच्या कडा, अलाइनमेंटचे बोल्ट हे तीन बघून घ्या. ठीक असतील तर २,९०० पासून बोलणी सुरू करा आणि उरलेले पैसे टायर, ऑइल, ब्रेक यांच्यासाठी राखून ठेवा. २००३ ची तेव्हाच, जेव्हा अंडरसीलचे फोटो आणि बेल्टचं बिल दोन्ही हातात पडतील. फार घाई नसेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बघा. उघड्या टपाच्या गाडीला थंडीत गिऱ्हाईक कमी, आणि पावसात बघितली तर गळती आपोआप दिसते.

पैसे देताना व्ही५सीवरचा (गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा) पत्ता आणि तुम्ही उभे आहात ते घर एकच आहे ना, बघा. बॉनेटखालचा चासी नंबर कागदाशी ताडून घ्या. गाडीवर कर्ज थकलंय का, याची पैसे देऊन होणारी तपासणी आदल्या रात्रीच करून ठेवा. जुन्या मालकाचा रोड टॅक्स तुमच्याकडे येत नाही. नव्या मालकाच्या चिठ्ठीवरचा क्रमांक टाकून फोनवरच टॅक्स भरा, विमा सुरू झाल्याचा ईमेल आला की मगच किल्ली फिरवा.