हरणांच्या शिकारीसाठी मचाण कुठे बांधावे आणि माणसाचा वास कसा लपवावा?

आपण यंदा अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात प्रथमच धनुष्यबाणाने पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार करणार आहात आणि मचाणाची जागा व अंगाचा वास या दोन गोष्टी आपण विचारल्या आहेत. माझ्या मते हा प्रश्न एकच आहे, कारण वास पूर्णपणे घालवता येत नाही. तो हरणाच्या नाकापर्यंत जाणार नाही असे झाड निवडणे एवढेच आपल्या हाती असते. बिनवासाचा साबण, बंद डब्यात ठेवलेले कपडे आणि रबरी बूट मीही वापरतो, पण वारा आपल्याकडून हरणाकडे वाहत असेल तर त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

हरणांची रुळलेली वाट सापडली की तिच्या अगदी वर न बसता सुमारे 20 यार्ड बाजूला, वारा वाटेकडून आपल्याकडे येईल अशा अंगाला मचाण बांधावे. वारा उलटला तर त्या दिवशी तिथे जाऊच नये. यासाठी मी दोन मचाणे ठेवतो. उतारावर अधिक सावध राहावे लागते, कारण ऊन चढल्यावर हवा तापून वर जाते आणि संध्याकाळी गार हवा पाण्यासारखी उतारावरून खाली सरकते. दुसऱ्या वर्षी मी सायंकाळी ओढ्याच्या वरच्या अंगाला बसलो होतो. वारा अनुकूल असल्याचे अंदाजात म्हटले होते, तरी खालून येणारी मादी थबकली, तिने पुढचा पाय आपटला, जोराने फुत्कारली आणि शेपटी उभारून पळाली. तेव्हापासून मी मिल्कवीडच्या शेंगेतला कापूस खिशात ठेवतो. हे झाड आपल्या रुईच्याच कुळातले आहे, आणि लहानपणी आपण जिला म्हातारी म्हणत असू तशीच त्याची बी तरंगत जाऊन हवेची खरी वाट दाखवते.

मचाण 15 ते 20 फुटांवर पुरेसे होते. चढता-उतरताना आणि मचाणावर पाऊल टाकताना तोल जाण्याचा धोका मोठा असतो, म्हणून जमिनीवरून पाय उचलण्याआधीच हार्नेस (अंगावर बांधायचा सुरक्षा-पट्टा) सुरक्षा-दोराला अडकवावा, पट्टे दरवर्षी तपासावेत आणि धनुष्य बसल्यानंतरच दोरीने वर ओढून घ्यावे. आपण कोणत्या झाडावर आहात, हे घरी सांगून जावे.

परतीची वाटही आधीच ठरवावी; अंधारात शेतात चरणाऱ्या हरणांमधून चालत गेल्यास ती त्या मचाणाजवळून उजेडी येणे बंद करतात.