बावन्न चौकटी आणि कापसाचा हंगाम

"वर्षभराचं वाचन-आव्हान घेतलं आणि तीन महिन्यांत मागे पडले. मला कुठलीच गोष्ट तडीस नेता येत नाही का?" वर्षातून चार-पाच जणी तरी मला हे विचारतात, आणि बहुतेक वेळा मार्च-एप्रिलात. उत्तरादाखल एका ताईंची हकीकत सांगते. त्यांनी परवानगी दिली आहे, ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी दर मंगळवारी समुपदेशनाला बसते. हरभरा निघून गेला होता, उन्ह तापायला लागलं होतं, तेव्हा या ताई आल्या. वय बेचाळीस, अंगणवाडीत सेविका, घरी पाच एकर कोरडवाहू. आधी डोकेदुखीचं बोलल्या, मग झोपेचं. उठता उठता पिशवीतून एक दोनशे पानी वही काढून टेबलावर ठेवली.

पुण्याच्या भाचीनं जानेवारीत त्यांना एक यादी पाठवली होती. बावन्न आठवडे, बावन्न विषय, दर विषयाला एक पुस्तक. नावात रंग असलेलं पुस्तक, आपल्या जन्मसाली छापलेलं पुस्तक, समुद्राकाठी घडणारी गोष्ट, दुसऱ्या भाषेतून आलेली कादंबरी. अशा याद्या हल्ली बऱ्याच फिरतात. कल्पना मला मनापासून आवडते, कारण विषय ठरलेला असला की माणूस एरवी हातात घेतलं नसतं असं पुस्तक उघडतो. ताईंनी वहीत पट्टीनं बावन्न चौकटी आखल्या होत्या. सात चौकटींत बरोबरची खूण होती. आठवीत आधी खूण केलेली, मग ती खोडलेली, त्यावर पुन्हा पेन फिरवलेलं. गिरवून गिरवून कागद फाटला होता आणि पेनाची निळी शाई मागच्या पानावर उतरली होती.

"हे पुस्तक अर्धंच वाचलं होतं मॅडम, अन् मी खूण करून टाकली. रात्रभर झोप नाही आली मले. खोटी खूण केली ना."

मी त्या चौकटीकडे पाहत राहिले. छंद म्हणून घेतलेली गोष्ट एखाद्या बाईला रात्रभर जागं ठेवते, तेव्हा प्रश्न फक्त पुस्तकांचा नसतो.

पण त्या दिवशी माझी चूक झाली. मी त्यांना वेळापत्रक आखून दिलं. पहाटे पाचला उठून वीस पानं, रोज. दोन आठवड्यांनी त्या परत आल्या त्या आणखी खचून. चार दिवस जमलं, पाचव्या दिवशी सासूबाईंना ताप आला, सहाव्या दिवशी अंगणवाडीत वजन-उंचीच्या नोंदी होत्या, आणि सातव्या दिवसापासून पुस्तकाला हातच लावला नाही. "एक दिवस चुकला का सगळं गेलंच," त्या म्हणाल्या. सगळं किंवा काहीच नाही, हा विचार माणसाला आळसापेक्षा जास्त मागे खेचतो. आणि मी त्याच विचाराला पहाटे पाचचा गजर लावून दिला होता.

त्याच भेटीत मी त्यांना म्हटलं, यादीतलं एखादं वाक्य वाचून दाखवा. त्यांनी वही घेतली आणि हात लांब करून धरली, जवळजवळ गुडघ्यापर्यंत. मान मागे, कपाळाला आठ्या. पहिल्या भेटीतही त्यांनी असंच केलं असणार, माझं लक्ष गेलं नव्हतं. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं, ते सगळ्यांचंच होतं. संध्याकाळी कमी उजेडात बारीक टाइपाचं पुस्तक धरलं की डोळ्यांवर ताण येतो, डोकं दुखतं, झापड येते. त्या म्हणायच्या, "पुस्तक हाती घेतलं का डोये लागतात." याला त्या स्वतःचा आळस समजत होत्या. ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासले आणि चाळिशीचा चष्मा लागला. डोकेदुखी बरीचशी तिथेच संपली. वाचनात मन लागत नाही असं चाळिशीपुढचं कुणी सांगत आलं की आता मी आधी डोळे तपासायला पाठवते.

मग आम्ही हिशेब मांडला. पुस्तक सरासरी दोनशे पानांचं धरलं तर बावन्न पुस्तकांची १०,४०० पानं होतात. म्हणजे रोज अठ्ठावीस-एकोणतीस पानं. पानाला दोन मिनिटं धरली तर रोज जवळपास तासभर, पोळा नाही, दिवाळी नाही, वेचणी नाही. पुस्तकं विकत घ्यायची, तर तीनशे रुपयांनी १५,६०० रुपये. गावात ड वर्गाचं, म्हणजे सगळ्यात लहान दर्जाचं वाचनालय आहे, संध्याकाळी उघडतं, पण जन्मसाल शोधून पुस्तक मिळावं एवढी तिथली कपाटं मोठी नाहीत. यादीत वाईट काही नव्हतं. फक्त ती ज्या घरासाठी केली होती, त्या घरात कपाशी नव्हती.

ताई हिशेबाकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "पण भाचीचं तर होऊन रायलं ना."

इथे आम्ही खऱ्या दुखण्याशी आलो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना त्यांचं लग्न झालं. परीक्षा दीड महिन्यावर होती. सासरहून येऊन पेपर देता येतील असं ठरलं होतं, ते झालं नाही. पुढे शिवणक्लास लावला, तो पहिल्या बाळंतपणात सुटला. तेव्हापासून माहेरच्या माणसांत एक वाक्य फिरत राहिलं, 'हिचं सगळं अर्धवटच.' कुणी वाईट मनानं म्हणत नसेल. पण वीस वर्षं ऐकलेलं वाक्य आपल्याच आवाजात बोलायला लागतं. आठवी चौकट खोडावी लागली तेव्हा ताईंना पुस्तक दिसलं नाही, परीक्षेचा तो फॉर्म दिसला. हे सांगताना त्या खूप रडल्या. मी पाणी पुढे केलं आणि बराच वेळ काही बोलले नाही. मग एवढंच विचारलं, "ताई, परीक्षा तुम्ही सोडली होती, की तुमच्याकडून सुटली होती?" उत्तर त्यांनी पुढच्या मंगळवारी दिलं.

मधल्या आठवड्यात त्यांना एक काम दिलं होतं. दिवसभरात डोळ्यांखालून जे जे छापील अक्षर जाईल ते लिहून आणायचं. आणलेला कागद वाचून मला भरून आलं. अंगणवाडीतल्या पोरांना रोज एक गोष्ट. सासूबाईंना संध्याकाळी ग्रामगीतेतल्या ओव्या. ग्रामगीतेचे अध्याय एकेचाळीस, आणि ताईंनी त्यातले एकोणतीस वाचून दाखवले होते, ते एकाही चौकटीत नव्हते. "ते कुठं वाचन होय मॅडम? ते तर बुढीसाठी."

ते वाचनच आहे. मोठ्यानं, दुसऱ्यासाठी, न चुकता केलेलं वाचन.

सवयीबद्दलही त्यांना एक गोष्ट सांगितली. लंडनमधला ९६ जणांवरचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण माणसागणिक फरक मोठा होता, १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. एखादा दिवस चुकल्यानं सवय बसण्यात फारसा फरक पडला नाही. हे वाक्य ताईंनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं.

मग आम्ही नवी यादी केली, बारा चौकटींची, आणि विषय ताईंनीच निवडले. एप्रिल-मेला जाड कादंबरी, कारण तेव्हा शेतात काम कमी आणि दुपार मोठी. मृग लागला की पेरणी, म्हणून जूनला कवितेचं बारकं पुस्तक. पोळ्याला लहान मुलांचं पुस्तक, तान्ह्या पोळ्याला पोरांना वाचून दाखवायला. दिवाळीला त्यांनी विचारलं, "अंक चालते का?" चालतो. १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून किती घरांत वर्षाचं वाचन तिथूनच सुरू होतं. वेचणीच्या दोन महिन्यांसाठी त्यांनी लिहिलं, 'रात्री सासूबाईसोबत वाचायचं.' आणि एक विषय त्यांना फार आवडला, 'आपल्यासारखं बोलणारी माणसं असलेलं पुस्तक.' वाचनालयात उद्धव शेळक्यांची 'धग' ही कादंबरी मिळाली, १९६० सालची. पुस्तकातली माणसं वऱ्हाडी बोलतात हे पाहून त्या हरखल्या. तिच्या नायिकेचे, कौतिकचे हाल वाचवेनात तेव्हा पुस्तक दहा दिवस मिटून ठेवलं. या वेळी वहीत खाडाखोड झाली नाही, तारीख टाकून नुसतं लिहिलं, 'थांबली आहे.'

एक मात्र सांगून ठेवते. दोन आठवड्यांहून जास्त कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, जगणं नकोसं होत असेल, तर यादी बदलून भागणार नाही. जवळच्या डॉक्टरांना भेटा, किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करा. तो कुठल्याही वेळी, मराठीतूनही लागतो. ताईंचंही मी हे आधी तपासलं होतं.

डिसेंबरअखेर त्यांच्या बारापैकी नऊ चौकटी भरल्या होत्या. परवा कापूस विकायला तालुक्याला आल्या तेव्हा वाटेत पाच मिनिटं डोकावल्या, चष्मा कपाळावर चढवलेला. 'धग' पुन्हा काढली आहे, रात्री मोठ्यानं वाचतात. सासूबाई ग्रामगीता झाली की लगेच विचारतात, "काल कौतिकचं कुठंसं राह्यलं होतं व?"