बंब गेला, आता माळ्याला एकटीने हात लावू नकोस

डोंबिवलीच्या एका मैत्रिणीचं पत्र: "मावशी, आमचा वन बीएचके. सासरे गेल्यावर सासूबाई वाईचं घर बंद करून आमच्याकडे आल्या. सोबत १४ खोकी आणि एक तांब्याचा बंब. माळा भरला, पलंगाखालची जागा भरली. त्या आठवडाभर नणंदेकडे गेल्या तेव्हा मी बंब मोडीत घातला. आल्यावर त्यांनी एकदाच विचारलं, 'बंब कुठाय?' तेव्हापासून बोलणं बंद. नवरा म्हणतो, तुमचं तुम्ही बघा. माझं चुकलं का? आणि या खोक्यांचं काय करू?"

बाई गं, चुकलं. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये बंबात ढलप्या घालून कोणी पाणी तापवणार नाही, हे त्यांनाही कळतं. पण जायचाच होता तर त्यांच्या देखत काट्यावर चढायला हवा होता. आजच त्या दुकानात जाऊन बघ. मोडवाले बरेचदा माल साठला की मग पुढे पाठवतात, कोपऱ्यात पडलेला असेलही. नसला तर आलेले पैसे सगळेच्या सगळे त्यांच्या हातात ठेव आणि म्हण, "विचारायला हवं होतं, चुकलं." पुढे "पण जागाच कुठे होती" हे शेपूट नको.

मग आठ-दहा दिवस थांब. एका दुपारी त्यांना विचारून एकच खोकं उघड. भांडं हातात घेतलंस की काठ बघ, नाव घातलेलं असेल. माझ्या आईच्या पितळी घागरीवर होतं: "चि. सौ. कां. कमल हिस मामाकडून, १२-५-६४." मी ते मोठ्याने वाचलं आणि आई अर्धा तास मामाबद्दलच बोलत राहिली. त्याची सायकल, त्याचा दमा, घागरीसाठी त्याने काढलेलं कर्ज. नंतर स्वतःच म्हणाली, "ने गं ही तुझ्याकडे, झाड लाव हवं तर." त्याआधी चार वर्षं मी त्या घागरीवरून भांडत होते!

पितळेची पातेली वापरात ठेवायची म्हणतील तर कल्हई लागेल, नाहीतर आमटी कळकते. कल्हईवाला मिळणार असेल तर दोन ठेवा. बाकीची कोणाला द्यायची ते त्यांनाच ठरवू दे. लुगडी निघाली तर मऊ सुती गोधडीला काढा. शालू मात्र घाईने बोहारणीला देऊ नकोस. जरतार खरी असेल तर तिच्यात चांदी असते, आणि तुझ्या पदरात पडेल स्टीलचा एक टोप. आधी सराफाला दाखव.

आणि एक विचारते, राग मानू नकोस. त्या घरात फक्त सासूबाईंचंच सामान आहे? दिवाळीत आलेले आणि अजून न उघडलेले डिनरसेट, बारीक झाल्यावर घालीन म्हणून ठेवलेले कुडते? पहिली पिशवी तुझी भरू दे, त्यांच्यासमोर.

नवऱ्याचाही एक खण असेलच, जुने मोबाइल आणि चार्जरांचा. फुगलेली बॅटरी दिसली तर ती घंटागाडीत टाकू नका, पेट घेते. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या. तो खण त्यालाच आवरायला लाव. आणि माळ्यावरची खोकी उतरवायची वेळ आली की स्टुलावर तूही चढू नकोस, सासूबाईंनाही चढू देऊ नकोस. "तुमचं तुम्ही बघा" म्हणणाऱ्याला चढव.