४६ तासांचा फुगा घरी आणताना

फ्लुरोयुरॅसिल या कर्करोगावरील औषधाचा ४६ तासांचा पंप लावून तुमचे वडील प्रथमच घरी येत आहेत, म्हणून अनुभवावरून लिहिते. या पंपाला बॅटरी नसते आणि गजरही नसतो. त्यातला औषध भरलेला, ताणलेला फुगा आकसत जातो आणि नळीतला बारीक प्रवाहनियंत्रक औषधाचा वेग ठरवतो. तो नियंत्रक त्वचेच्या उबेवर बेतलेला असल्याने अंगाला चिकटवलेलाच राहू द्यावा आणि गरम पाण्याची पिशवी त्याच्याजवळ नेऊ नये, कारण उष्णतेने औषध वेगाने जाते. पहिल्या काही तासांत फुगा लहान झालेला फारसा जाणवत नाही (मी तर दर अर्ध्या तासाने पाहत बसले होते), तरी क्लॅम्प (नळी बंद करण्याचा चिमटा) उघडा असल्याची खात्री करावी. पोर्टजवळ (औषध शिरेत सोडण्यासाठी त्वचेखाली बसवलेल्या डबीजवळ) जळजळ, सूज किंवा ओल जाणवली, अथवा फुगा वेळेआधीच रिकामा झाला, तर क्लॅम्प बंद करून रुग्णालयाला तातडीने कळवावे. सांडलेले औषध उघड्या हाताने पुसू नये.