खडा बसला, सूर्यही बसला

प्रश्न : माझा नातू सहावीत आहे, इंग्रजी माध्यमात. त्याच्या बाईंनी वर्गात सांगितलं की ‘सेट’ या एका शब्दाला ४३० अर्थ आहेत. तेव्हापासून पोरगं धास्तावलंय. हे खरं आहे का? असेल तर मुलांनी हे सगळं पाठ करायचं तरी कसं?
– एक आजी, इस्लामपूर

उत्तर : ताई (तुमच्या-माझ्या वयात फार अंतर नसावं, म्हणून आजी म्हणत नाही), बाईंचा आकडा हवेतला नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली २० खंडांत निघाली. तिच्यात ‘सेट’ची नोंद सगळ्यांत लांब होती. ४३० अर्थ, साधारण ६०,००० शब्द. म्हणजे एका शब्दावर दोनशे पानांचं पुस्तकच. पण ही पाटीलकी आता ‘सेट’कडे राहिलेली नाही. कोशाची फेरतपासणी सुरू झाल्यावर ‘रन’ने त्याला मागे टाकलं. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले आणि त्यासाठी पीटर गिलिव्हर नावाचे कोशकार नऊ महिने बसून होते. नातवाला हे सांगू नका, त्याची झोप उडेल.

पाठ मात्र काहीही करायचं नाही. माझे वडील कऱ्हाडला सोनार होते. शाळेतून आले की मी दुकानात त्यांच्या शेजारी बसायची. अंगठीच्या कोंदणात खडा ठेवून ते कडेचं सोनं हलक्या हाताने त्याच्यावर दाबत, मग अंगठी कानाशी धरून हलवत. आवाज आला नाही की म्हणत, “बसला.” पुढे मुंबईहून एक कारागीर आला. तो त्याच कामाला ‘सेटिंग’ म्हणायचा. मी तेव्हा सातवीत होते. इंग्रजी म्हणजे काहीतरी अवघड असतं, हा समज त्या दिवशी गेला. सेटिंग म्हणजे बसवणं, एवढंच.

आणि खरोखरच एवढंच आहे. इंग्रजीत ‘सिट’ म्हणजे बसणं आणि ‘सेट’ म्हणजे बसवणं. एकाच धातूची ही जोडी. आपण पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तरणे-तारणे म्हणतो ना? आतला स्वर बदलला की स्वतः करायची क्रिया दुसऱ्याला करायला लावायची होते. इंग्रजीत पूर्वी हीच खोड होती. ‘फॉल’ म्हणजे पडणं, ‘फेल’ म्हणजे झाड तोडून पाडणं. ‘राइज’ उठणं, ‘रेज’ उठवणं. ‘लाय’ (आडवं पडणं) आणि ‘ले’ (आडवं ठेवणं) हीही तसलीच जोडी. शाळेत इंग्रजी शिकवताना तिने माझी एकतीस वर्षं खाल्ली, त्यामुळे तिच्याबद्दल आज नको.

आता आपण काय काय बसवतो ते मोजा. अंगठीत खडा बसवतो, निखळलेलं हाड बसवतो. या दोन्ही ठिकाणी इंग्रज ‘सेट’च म्हणतो. मग पुढच्या जागा आपोआप दिसायला लागतात. घड्याळाचे काटे योग्य जागी बसवले की घड्याळ सेट. सूर्य दिवसभर चालून शेवटी खाली जाऊन बसला की सनसेट. कामाला बसणं, तारीख पक्की बसवणं, सगळीकडे तीच बैठक. कोशकाराने ४३० खण केले म्हणून आत ४३० वेगळ्या वस्तू असतात असं नाही.

अडचण येते ती वेगळ्याच कारणाने. जिथे ते ‘सेट’ म्हणतात तिथे आपण दर वेळी ‘बसवणं’ म्हणत नाही. गजर आपण लावतो. आग लावतो, सापळा लावतो, गाण्याला चाल लावतो. परीक्षेचा पेपर काढतो. जेवायच्या वेळी पानं घेतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीने “तिने टेबल बसवलं” असं भाषांतर केलं होतं, त्याचा अर्थ होता “तिने पानं घेतली”. मी तिला अर्धा गुण दिला. कारण ‘बसवलं’ इथपर्यंत ती बरोबर पोचली होती, चुकली ती स्वयंपाकघरात.

आणि इंग्रजीला नावं ठेवण्याआधी आपलं ‘लावणं’ बघा. दार लावणं म्हणजे बंद करणं, पण पंखा लावणं म्हणजे चालू करणं! दिवा, झाड, कुंकू, फोन, विरजण, नंबर, वाट, शेंडी, सगळं लावायचंच. परभाषेतल्या माणसाने आपल्याकडे येऊन हे कसं शिकायचं? माझा तमिळ जावई पहिल्या वर्षी “दार लावू का?” असं विचारून दार उघडायचा. आम्ही हसायचो. त्याचं काही चुकत नव्हतं.

एक गुंता मात्र खरा आहे. ‘सेट’ नावाचे दोन पाहुणे एकाच घरात राहतात. बसवणारा ‘सेट’ इंग्रजीच्या जुन्या घरातला. कपबश्यांचा सेट, टेनिसचा सेट, म्हणजे ‘संच’ या अर्थाचा शब्द, तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मागे लॅटिन ‘सेक्टा’ आहे. सेक्टा म्हणजे अनुयायांचा गट, एकापाठोपाठ जाणारी माणसं. दोघांचा उच्चार एक, राहणं एकत्र, त्यामुळे पुढे अर्थांचीही सरमिसळ झाली. नववीतला एक पोरगा गणिताच्या तासाला संच शिकून थेट माझ्या तासाला आला आणि ‘सन सेट’चं भाषांतर त्याने ‘सूर्यसंच’ असं केलं. तेव्हा हसू आवरून मी त्याला हे दोन पाहुणे समजावून सांगितले होते.

नातवाला धास्तीच्या जागी काही गंमत द्यायची असेल तर ही द्या. बसवणाऱ्या ‘सेट’चा धातू आणि संस्कृतातला ‘सद्’, म्हणजे बसणे, हे मुळात एकच. त्या सद्‌पासून आपली संसद झाली, परिषद झाली. आणि दुसऱ्या ‘सेट’च्या मागे असलेलं लॅटिन क्रियापद म्हणजे मागोमाग जाणं, त्याचा संस्कृत भाऊ ‘सच्’, म्हणजे सोबत असणं. त्यातून सचिव. तीन अक्षरांच्या शब्दात एकीकडे संसद बसलीय, दुसरीकडे सचिव उभा आहे.

प्रश्न : सेट-टॉप बॉक्समधला सेट यांपैकी कुठला?
– केबलचं काम करणारा वाचक, मिरज

उत्तर : संचवाला. रेडिओ सेट, टीव्ही सेट, हँडसेट, हे सगळे त्याच्याच घरचे. टीव्हीचा सेट खोक्यासारखा होता तेव्हा ही पेटी त्याच्या डोक्यावर ठेवत, म्हणून सेट-टॉप. आता टीव्ही भिंतीला चिकटला, डोकंच राहिलं नाही, तरी पेटीचं नाव गेलं नाही. बंगळूरला मिळणारा सेट दोसाही याच कुळातला, कारण तो एकटा येत नाही. बशीत दोन-तीन असतात. प्राध्यापक होण्यासाठी द्यायची ‘सेट’ परीक्षा मात्र कुणाचीच नाही, ती नुसती आद्याक्षरं.

प्रश्न : ‘सेट’चा भूतकाळही ‘सेट’च. मग वाक्य आजचं की कालचं हे कळणार कसं?
– बारावीची विद्यार्थिनी, वाई

उत्तर : पूर्वी भूतकाळाला शेवटी एक वेगळा स्वर होता. मूळ शब्द ‘ट’वर संपणारा, भूतकाळाचं शेपूटही ‘ट’चंच, दोन्ही एकमेकांत मिसळले. कालांतराने तो शेवटचा स्वरही गळाला. ‘शट’ आणि ‘हिट’चं हेच झालं. कर्ता ‘ही’ किंवा ‘शी’ असेल तर सोपं आहे. वर्तमानात ‘सेट्स’ होतं, भूतकाळात नाही. कर्ता ‘दे’ असेल तर आजूबाजूची वाक्यं वाचावी लागतात, इंग्रजांनासुद्धा. परीक्षेत अडलीस तर आधी ‘यस्टरडे’ शोध. पेपर काढणारे तेवढी दया बहुधा करतात. मी तरी करायची.