ऑटोमॅटिक सेडान ट्रॅकवर नेताय? गिअरबॉक्सपेक्षा ब्रेककडे पाहा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव पांढरकवड्याजवळ, गाडी फोक्सवॅगन व्हर्टस 1.5 जीटी डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई ट्रॅकवर पहिल्यांदाच ट्रॅक डेला (स्वतःची गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायच्या दिवसाला) जायचंय. मेकॅनिक म्हणतो ऑटोमॅटिकचा क्लच जळेल. आणि डीमध्ये (साधा ऑटोमॅटिक) चालवावी, एसमध्ये (स्पोर्ट) की पॅडलने (स्टिअरिंगमागच्या गिअर बदलायच्या पट्ट्या), हे ठरत नाही.

मेकॅनिकची भीती चुकीच्या जागी आहे. तुमच्या गाडीत सात गिअरचा ड्राय क्लच (तेलात न बुडालेला) डीएसजी आहे. क्लच तापतो तो घसरताना, म्हणजे गाडी जागेवरून हलताना आणि रांगताना. ट्रॅकवर गाडी एकदा 40 च्या वर गेली की क्लच पूर्ण पकडलेला असतो, घसरतो तो फक्त गिअर बदलतानाच्या क्षणापुरता. कापसाच्या हंगामात बाजार समितीच्या फाटकासमोर ट्रॅक्टरच्या रांगेत अर्धा तास इंच इंच सरकताना त्याला जास्त त्रास होतो. ट्रॅकवर तीनच गोष्टी टाळायच्या: जागेवरून पुन्हा पुन्हा जोरात लाँच करणं, पिट लेनच्या (ट्रॅकवर जायच्या-यायच्या गल्लीच्या) रांगेत ब्रेक अर्धवट सोडून रांगणं, आणि चढावर अ‍ॅक्सिलरेटरने गाडी धरून ठेवणं. गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आलाच तर बाजूला घेऊन पी (पार्क) लावा आणि गाडी गार होऊ द्या, रांगत रांगत पिटमध्ये आणू नका. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 245 वाल्यांचे क्लच तेलात बुडालेले असतात, बीएमडब्ल्यू एम340आय मध्ये टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून ताकद पोचवणारा) आहे. त्यांनी क्लचऐवजी गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान आणि तेल बदलण्याची वेळ बघायची.

आता मोड. डी विसरा. डीमध्ये गिअरबॉक्स पेट्रोल वाचवायला बघतो, कोपऱ्यात शिरताना पाचवा-सहावा धरून बसतो आणि हलक्या पायावर इंजिन दोन सिलिंडरवर जातं. कोपऱ्याच्या मधोमध तुम्ही पाय दाबला की तो दोन गिअर खाली टाकतो आणि पुढच्या चाकांवर एकदम ताकद येते. गाडी वळणाबाहेर सरकते ती तिथेच. पहिल्या सेशनला एस लावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा आणि फक्त रस्ता शिका. रस्ता ओळखीचा झाला की लिव्हर मॅन्युअलच्या खोबणीत टाका आणि पॅडल वापरा. डीमध्ये राहून पॅडल मारलं तर थोड्या वेळाने गाडी आपणहून परत ऑटोमॅटिकवर जाते, तेही नेमकं नको त्या ठिकाणी. शिवाय मॅन्युअलमध्ये असतानाही अ‍ॅक्सिलरेटर तळाशी, त्या शेवटच्या खटक्यापलीकडे दाबला की किकडाऊन होतंच, म्हणजे गाडी आपणहून खालचा गिअर टाकते. म्हणून कोपऱ्यातून निघताना पाय खटक्याच्या अलीकडे थांबवायची सवय लावा.

पॅडलचं गणित नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. एका क्लचवर 1-3-5-7, दुसऱ्यावर 2-4-6 आणि रिव्हर्स. तुम्ही चौथ्यात वेग घेत असता तेव्हा गिअरबॉक्सने पाचवा आधीच लावून ठेवलेला असतो, म्हणून वरचा गिअर क्षणात पडतो. पण ब्रेक न मारता अचानक तिसरा मागितला तर आधी पाचवा सोडून तिसरा लावावा लागतो, आणि तेवढा वेळ जातो. ब्रेक आधी दाबला की त्याला कळतं तुम्ही खाली येताय, आणि तो खालचा गिअर तयार ठेवतो. तेव्हा क्रम असा: सरळ रस्त्यावर जोरात ब्रेक, वेग बराच उतरला की एक खाली, मग आणखी एक खाली, आणि स्टिअरिंग वळवायच्या आत सगळे गिअर पडलेले. आरपीएम मर्यादेपलीकडे जाणार असतील तर गाडी खालचा गिअर नाकारते. अशा वेळी पॅडल टकटक मारत बसू नका. वेग उतरल्यावर एकदाच मारा, नाहीतर एक गिअर जास्त पडतो तो ऐन वळणात.

लाल पट्ट्यापर्यंत ताणण्यातही अर्थ नाही. या इंजिनचे 250 न्यूटन मीटर 1600 ते 3500 आरपीएममध्ये मिळतात आणि 150 पीएस 5000 ते 6000 मध्ये. 6000 च्या जवळपास वर टाकलं की झालं, पुढे नुसता आवाज आणि उष्णता. कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर इंजिन ठोकू नये म्हणून नॉक सेन्सर ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि ताकद उतरते, म्हणून वाटेत मोठ्या शहरात जास्त ऑक्टेनचं पेट्रोल मिळालं तर भरा. ट्रॅकवर लिटरला चार-पाच किलोमीटरच पडतात. टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नका.

खरी काळजी ब्रेकची. ताशी 160 वरून 80 वर येताना ब्रेकला जी उष्णता गिळावी लागते, ती 80 वरून थांबताना लागते त्याच्या तिप्पट असते. दोन्हीकडे वेग तेवढाच कमी झाला तरी. 44 नंबरच्या हायवेवर तुम्ही असा ब्रेक दिवसातून एखाद्या वेळी मारता, ट्रॅकवर एकाच चकरेत अनेकदा. 3.7 किलोमीटरच्या त्या ट्रॅकवर 12 वळणं आहेत, डिस्कला गार व्हायला फारशी उसंत मिळत नाही. त्यात तुमच्या गाडीला मागे ड्रम, म्हणजे जवळजवळ सगळा भार पुढच्या दोन डिस्कवर. आणखी एक, जे फारसं कुणी सांगत नाही: कोपऱ्यातून घाईने अ‍ॅक्सिलरेटर दिला की एक्सडीएस (वळणात पकड राखणारी यंत्रणा) आतलं पुढचं चाक स्वतःच ब्रेक लावून धरतं. तुम्ही ब्रेकला पायही लावलेला नसतो आणि पॅड तापत असतात. थोडं थांबून, स्टिअरिंग सरळ होत आलं की मग पाय द्या. वेळही कमी लागतो, ब्रेकही वाचतात. ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) मात्र बंद करायचं नाही.

निघण्याआधी ब्रेक ऑइल बदला. नुसतं टॉप-अप नको, चारही चाकांतून जुनं पूर्ण काढा. डीओटी 4 या दर्जाच्या ब्रेक ऑइलचं उकळण्याचं तापमान कोरडं असताना किमान 230 अंश असतं, हवेतलं पाणी शोषल्यावर 155 पर्यंत उतरतं. गॅरेजच्या फळीवर झाकण सैल ठेवलेली अर्धी बाटली वापरू देऊ नका. सीलबंद एक लिटर घ्या, समोर उघडायला लावा. डीओटी 5.1 चाललं (260 आणि 180 अंश), पण डीओटी 5 सिलिकॉनचं असतं, ते यात चालत नाही. पॅडचं अस्तर 6 मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर नवीन टाका. पातळ पॅडमधून उष्णता थेट कॅलिपरमध्ये आणि ऑइलमध्ये जाते.

ट्रॅकवर पेडल मऊ होऊन खाली जायला लागलं तर ऑइल उकळलं. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून पकड सोडतायत. दोन्हीत पुढची चकर ब्रेक न वापरता हळू मारायची आणि पिटमध्ये यायचं. पॅड गार झाले की परत पकडतात, पण उकळलेलं ऑइल ब्लीड केल्याशिवाय (नळीतली वाफ-हवा आणि जुनं ऑइल काढल्याशिवाय) त्यावर भरवसा ठेवू नका. सेशनची शेवटची चकर तशीही ब्रेक जवळजवळ न लावता पूर्ण करा. पिटमध्ये हँडब्रेक ओढू नका आणि ब्रेक पेडल दाबून उभे राहू नका. गरम डिस्कवर पॅडचा थर एका जागी चिकटतो, मग ब्रेक थरथरतो आणि लोक म्हणतात डिस्क वाकली. पी लावा आणि चाकाखाली लाकडी गुटका ठेवा.

आपल्या भागातल्या गाडीची एक खास तपासणी आहे. जिनिंगजवळून रोज जाणाऱ्या गाडीच्या एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत सरकीचा भुगा आणि कापसाचे तंतू नमद्यासारखे बसतात. वणी-घुग्घुसकडे फिरत असाल तर त्यावर कोळशाची काळी धूळ. समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते. बंपर सैल करून वरून टॉर्च मारा. पाणी मागून पुढे, कमी दाबाने मारा, प्रेशर वॉशरने पात्या वाकतात. या इंजिनात टर्बोची हवाही पाण्यानेच थंड होते, त्यामुळे पुढचे रेडिएटर कोंदले की तिसऱ्या-चौथ्या चकरेपासून ताकद उतरते आणि माणूस गिअरबॉक्सला दोष देतो. एअर फिल्टर नवा टाका. टायर आतल्या बाजूनेही बघा. पांदण रस्त्यावरच्या दगडाने आलेला फुगा बाहेरून दिसत नाही, आणि फुगा आलेला टायर ट्रॅकवर न्यायचाच नाही. अलाइनमेंट नागपूरला करून घ्या.

हवेचं प्रेशर इथून सेट करून जाण्यात अर्थ नाही. हवेचं तापमान पाच-सहा अंशांनी बदललं की साधारण एक पीएसआय बदलतो, आणि पंक्चरवाल्याच्या गेजचा तर प्रश्नच आहे. स्वतःचा गेज न्या. सकाळी गार टायरमध्ये 32 ठेवा, सेशन संपल्याबरोबर मोजा, 37-38 च्या वर गेलं असेल तर तेवढी हवा सोडा. घरी निघताना टायर गार झाल्यावर पुन्हा मॅन्युअलप्रमाणे भरायला विसरू नका.

गाडीतून मॅट, पाण्याच्या बाटल्या, डिकीतलं सगळं सुटं सामान बाहेर. पेडलखाली बाटली आली तर बाकी सगळं व्यर्थ आहे. टोइंगचा हुक हाताशी ठेवा, त्याचे आटे उलटे असतात, आधी लावून बघा. पातळ तळाचे बूट, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, फुल फेस हेल्मेट. ओव्हरटेक फक्त पुढच्याने हात दाखवल्यावर आणि आयोजकांनी ठरवलेल्या जागीच.

विम्याचं आधी वाचून घ्या. खासगी गाडीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर भिंतीला लागलं तर खर्च तुमचा, आणि मोडलेली गाडी ट्रकवर घालून हजार किलोमीटर आणण्याचाही. म्हणून शेवटचं सेशन सोडून दिलं तरी चालेल, पॅड परतीला पुरायला हवेत. चाकाचे बोल्ट गार झाल्यावर टॉर्क पाना लावून मॅन्युअलमधल्या आकड्यावर पुन्हा आवळा, इंजिन ऑइल बघा, आणि पॅड 4 मिलिमीटरच्या खाली गेले असतील तर चेन्नईतच बदलून मग हैदराबादचा रस्ता धरा.